पाइप बाहेर ठेवा, काच आवरा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नागपूरच्या वर्धा रोडवर उठणाऱ्या काचेच्या इमारतींना जाहिरातीत सर्रास 'हाय-टेक' म्हणतात. वास्तुकलेत हा शब्द काचेपुरता कधीच नव्हता. रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या वास्तुविशारदांचं पॅरिसमधलं पॉम्पिदू कला केंद्र 1977 साली उघडलं. त्यात सगळी यंत्रणा भिंतीबाहेर आणून रंगवली होती: हवेची निळी, पाण्याची हिरवी, विजेची पिवळी, लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांची लाल. दिखाऊपणा होताच. पण त्यामागचा हिशेब सरळ होता. सांगाडा अनेक दशकं टिकतो, पाइप आणि वायरी त्याच्या कितीतरी आधी जातात, त्या बदलायला भिंत फोडावी लागू नये. लंडनच्या लॉइड्स इमारतीत (1986) तर स्वच्छतागृहंही कारखान्यात बनवून आणून बसवली.

आपण त्यातली फक्त काच उचलली आणि पाइप लपवले. शाफ्ट, म्हणजे पाइपांची उभी पोकळी, दीड फुटाची, तिला दारही नाही. चौथ्या मजल्यावरचा सांधा गळला की ओल तिसऱ्याच्या छतात दिसते, प्लंबर आत शिरू शकत नाही, मग टाइल्स फोडा. शाफ्ट निदान तीन फूट रुंद हवा, दर मजल्यावर उभं राहायला लोखंडी जाळी आणि कुलुपाचं दार हवं. हे नकाशातच काढावं लागतं, नंतर जमत नाही. त्या मानाने खिडकीबाहेर स्टँडवर बसवलेला आपला कूलरच खरा हाय-टेक: ताट्या बदला, पंप बदला, घरात धुळीचा कण नाही.

दुसरी गफलत पश्चिमेची. मे महिन्यात दुपारी साडेचारला सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम 30 अंशांवर असतो. दोन फुटी छज्जा त्या वेळी खिडकीवर एक-सव्वा फूटच सावली पाडतो, खालची सगळी काच तापते. पश्चिमेला छज्जा नको, बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा जाळी हवी. आतला पडदा उपयोगाचा नाही, कारण उष्णता तोवर काचेतून आत आलेली असते. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या ठरावीक मर्यादा पाळण्याच्या (प्रिस्क्रिप्टिव्ह) पद्धतीत काचेची मर्यादा बाहेरील भिंतीच्या 40 टक्के आहे. ती पाळली तरी पश्चिमेला आणखी हात आखडावा, असं माझं मत.

काच धरणाऱ्या ॲल्युमिनियमचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. डिसेंबरच्या पहाटे 10 अंशांवर असलेला सेक्शन, म्हणजे चौकटीची उभी पट्टी, मे महिन्यात उन्हात 65 पर्यंत जातो असं धरा. साडेतीन मीटरचा सेक्शन या 55 अंशांत सुमारे साडेचार मिलिमीटर वाढतो. म्हणून दर मजल्याला सांध्यात 10 ते 12 मिलिमीटर फट आणि एका टोकाच्या बोल्टला लांबट भोक ठेवायचं असतं. साइटवर कारागीर दोन्ही टोकं करकचून आवळतात. सेक्शनला सरकायला जागा उरत नाही, सिलिकॉन फाटतं, पावसाळ्यात पाणी झिरपतं, कधी काचेलाच तडा जातो. दोष मात्र काचेला!

स्लॅबची कड आणि काच यांमधली फट हा याहून गंभीर प्रकार. ती मिनरल वूल (न जळणारा खनिज तंतूंचा कापूस) दाबून भरायची आणि वरून अग्निरोधक सीलंट लावायचं असतं. नुसत्या पत्र्याने झाकली, तर खालच्या मजल्यावरचा धूर त्याच वाटेने वर चढतो. बाहेरच्या एसीपी पॅनेलचा (दोन ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये गाभा असलेल्या फळीचा) गाभा साध्या पॉलिथिलीनचा असेल, तर आगीला इंधनच मिळतं. 2017 मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 72 जण गेले, तिथल्या पॅनेलचा गाभा हाच होता.

उघडी यंत्रणा म्हणजे देखभाल संपली, असंही नाही. पॉम्पिदू केंद्रच 2025 पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे, ते 2030 पर्यंत. आपल्याकडे इमारत ताब्यात घेताना सोसायटीने रंगीत पुस्तिकेऐवजी शाफ्टचा आडवा छेद, काचेच्या सांध्याचा तपशील आणि पॅनेलच्या गाभ्याचं चाचणी प्रमाणपत्र मागून घ्यावं. ही तीन कागदपत्रं हाती आल्याशिवाय ताबापत्रावर सही करू नये.

— एक वास्तुविशारद वाचक, धरमपेठ, नागपूर