एअर सस्पेन्शन दुरुस्तीचे चुकीचे काम व ४६,२०० रुपयांच्या परताव्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
पुणे कार्यशाळा

विषय : कॅरॅव्हॅनच्या मागच्या डाव्या बाजूची हवागळती न शोधता दोन्ही बलून (गाडीचे ओझे पेलणाऱ्या हवेच्या रबरी पिशव्या) बदलल्याबद्दल तक्रार.

महोदय,

बसच्या चॅसीवर, म्हणजे सांगाड्यावर, तुमच्याकडून बांधून घेतलेली आमची कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, तीन वर्षांची आहे. उभी केली की चार बटणांनी चारही कोपऱ्यांतल्या बलूनमध्ये हवा भरायची किंवा सोडायची आणि गाडी समपातळीत आणायची, ही सोय तुम्ही वेगळे पैसे घेऊन बसवून दिली. डिसेंबरपासून मागची डावी बाजू रात्रीतून बसू लागली. तुमच्या कार्यशाळेने गाडी दोन दिवस ठेवून घेतली, मागचे दोन्ही बलून बदलले, ४६,२०० रुपये घेतले आणि "आता काळजी नको" म्हणून सांगितले.

१२ जानेवारीला आम्ही भिलारला मुक्काम केला. रात्री दहाला समपातळी दाखवणाऱ्या स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा बरोबर मधोमध होता. एक वाजता जाग आली ती टाकीत हवा भरणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरच्या घरघरीने. तो दर वीस मिनिटांनी सुरू होत होता. पहाटेपर्यंत बॅटरी उतरली, डावा कोपरा ११ सेंटिमीटर खाली गेला, न्हाणीतले पाणी जाळीकडे जायचे सोडून पलंगाकडे आले आणि सासूबाई डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत उठल्या. त्या काय म्हणाल्या ते या पत्रात लिहीत नाही.

सकाळी फोन केला तर तुमच्या प्रतिनिधीने सांगितले, "मॅडम, थंडीत हवा आकसते, नॉर्मल आहे."

मी ३२ वर्षे नववी-दहावीला विज्ञान शिकवले आहे. दुपारपासून धरले तरी तापमान २९ अंशांवरून १३ अंशांवर आले. बलूनवरचे ओझे तेच, म्हणून आतला दाबही तोच राहतो. घटते ते आकारमान, आणि तेही जेमतेम ५ टक्के. बलूनच्या उंचीत हा फरक फार तर दीड सेंटिमीटरचा. शिवाय थंडी काही फक्त डाव्या मागच्या कोपऱ्यालाच वाजत नाही. बाकीचे तीन कोपरे जागचे फारसे हलले नव्हते.

त्याच सकाळी पसरणी घाटाने हळूहळू वाईत उतरलो आणि एका साध्या गॅरेजमध्ये गाडी लावली. तिथल्या मिस्त्रींनी आधी चॅसीखाली लाकडी ठोकळे दिले आणि मगच ते खाली शिरले. (तुमच्याकडे बलून काढताना एक पोरगा नुसत्या हवेच्या भरवशावर गाडीखाली झोपला होता. हवा गेली असती तर चॅसी थेट त्याच्या अंगावर आली असती. माझ्या परताव्यापेक्षा ही गोष्ट मला जास्त गंभीर वाटते.) मग साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन त्यांनी टाकीपासून बलूनपर्यंत एकेक जोड तपासला. पाऊण तासात दोन जागा सापडल्या.

पहिली जागा डाव्या कोपऱ्याच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हची, म्हणजे बटण दाबल्यावर विजेने उघडणाऱ्या झडपेची. व्हॉल्व्ह बंद असतानाही त्याच्या हवा सोडण्याच्या तोंडावर फेस फुगत होता. व्हॉल्व्ह उघडल्यावर त्याच्या सीटवर, म्हणजे झडप टेकते त्या कडेवर, पांढरी भुकटी निघाली. ही भुकटी एअर ड्रायरमधल्या, ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची. या दाण्यांची डबी, म्हणजे कार्ट्रिज, जुनी झाली की दाणे फुटतात आणि हवेबरोबर पुढे जातात. हवेच्या टाकीचा ड्रेन कॉक (साचलेले पाणी काढायची तोटी) उघडला तर पेलाभर पाणी आले. तुमच्या वार्षिक देखभाल कराराच्या यादीत "ड्रायर कार्ट्रिज तपासणी" लिहिले आहे आणि त्यापुढे तीनही वर्षे बरोबरची खूण आहे. ब्रेकलाही त्याच ड्रायरमधून आलेली हवा जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी गळती तुमच्या दुरुस्तीतूनच आली. नव्या बलूनला जोडताना नायलॉनचा पाइप तिरपा कापला होता. त्या धारदार टोकाने कनेक्टरमधली ओ-रिंग (हवा अडवणारे रबरी कडे) चिरली. मिस्त्रींनी पाइप सरळ कापला, ओ-रिंग व व्हॉल्व्हचे किट बदलले, नवी कार्ट्रिज बसवली. सगळे मिळून ७,४०० रुपये झाले. त्यानंतर गाडी चार रात्री उभी होती. बुडबुडा मधोमध आहे.

मग जुने बलून फुटके होते का? मी ते परत मागितले तेव्हा "स्क्रॅपमध्ये गेले" असे उत्तर मिळाले. पैसे माझे, भागही माझे, मग ते मला न विचारता भंगारात कसे गेले?

माझ्या मागण्या : बलूनबदलाचे ४६,२०० आणि वाईच्या दुरुस्तीचे ७,४०० असे ५३,६०० रुपये परत करावेत, बलून गळत असल्याचे दाखवणारा तपासणी अहवाल असेल तर तो द्यावा, आणि तीन वर्षे खुणा करणाऱ्याने कार्ट्रिज खरोखर कधी उघडून पाहिली, ते लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. दोन्ही बिले, करारातील यादीची प्रत आणि व्हॉल्व्हमधल्या भुकटीचे फोटो सोबत जोडले आहेत. भुकटी डबीत जपून ठेवली आहे. पाहायची असल्यास कराडला यावे.

आपली ग्राहक,
एक निवृत्त शिक्षिका, कराड