बारावीतल्या मुलांच्या पालकांसाठी: अर्ली डिसिजनवर सही करण्याआधी

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांची अर्ली अर्जाची, म्हणजे नेहमीच्या फेरीआधी करायच्या अर्जाची, मुदत १ किंवा १५ नोव्हेंबरला संपते. त्याआधी घरात एकदा शांतपणे बसून बोला.

असे अर्ज दोन प्रकारचे असतात. त्यातला अर्ली डिसिजन हा बांधील करार आहे. मुलगा किंवा मुलगी, पालक आणि शाळेचे काउन्सेलर अशा तिघांच्या त्यावर सह्या लागतात. प्रवेश मिळाला की तिथेच जायचं आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. मिळालेल्या आर्थिक मदतीत फी परवडतच नसेल तर सुटका मिळू शकते, पण दोन कॉलेजांच्या मदतीची तुलना करायची संधी हातची जाते. म्हणून आधी कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता किती खर्च येईल त्याचा अंदाज देणारा फॉर्म) भरा आणि येणारा आकडा चौपट करून बघा, कारण तो एका वर्षाचा असतो.

एच-४ व्हिसावरच्या (म्हणजे एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसावर असलेल्या पालकांच्या) मुलांना फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारची, मदत मिळत नाही. अनेक कॉलेजं स्वतःच्या मदतीसाठीही त्यांना परदेशी विद्यार्थी धरतात. तेव्हा कॉलेजला आधी ईमेल करून लेखी उत्तर घ्या, ही कळकळीची विनंती.

दुसरा प्रकार अर्ली ॲक्शन, तो बांधील नसतो. उत्तर लवकर येतं आणि निर्णयाला साधारण १ मेपर्यंत वेळ मिळतो. मात्र हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्डच्या अर्ली ॲक्शनला इतरत्र लवकर अर्ज करण्यावर बंधनं आहेत, ती नीट वाचा.

आणि सही करण्याआधी मुलांना एवढं जरूर विचारा: तुला खरंच तिथेच जायचंय ना?