डेरिव्हेटिव्ह शून्य झाले म्हणजे महत्तम किंमत मिळाली असे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पाणीपातळी वृत्तपत्रांत रोज छापून येते. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतात, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर ते विसरणे कुणालाच शक्य नाही. याच पातळीच्या आधाराने बारावीच्या गणित अध्यापनातील एका उणिवेकडे शिक्षकांचे आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

फलनाच्या, म्हणजे एका राशीनुसार बदलणाऱ्या दुसऱ्या राशीच्या, महत्तम आणि लघुत्तम (सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान) किमती काढण्याची कृती विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांकडून घोटून घेतलेली असते. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे फलन बदलण्याचा वेग, काढायचे, ते शून्य मानून समीकरण सोडवायचे, येणारी किंमत दुसऱ्या डेरिव्हेटिव्हमध्ये (डेरिव्हेटिव्हच्याही डेरिव्हेटिव्हमध्ये) घालायची. उत्तर ऋण आले तर महत्तम, धन आले तर लघुत्तम. ही कृती चुकीची नाही, परंतु ती अपुरी आहे, आणि अपुरी आहे हे मुलांना सांगितलेच जात नाही. नदी दिवसभर चढत असेल, तर एका मध्यरात्रीपासून दुसऱ्या मध्यरात्रीपर्यंतच्या २४ तासांत सर्वांत जास्त पातळी कोणत्या क्षणी असेल? अर्थातच शेवटच्या. त्या क्षणी पाणी चढतच असते, म्हणजे पातळी बदलण्याचा वेग शून्य नसतो. पूर ओसरत असेल, तर दिवसातली सर्वांत जास्त पातळी पहिल्याच क्षणाची. नुसते डेरिव्हेटिव्ह शून्य मानणाऱ्या विद्यार्थ्याला या दोन्ही दिवशी काहीच सापडणार नाही, आणि नदीकाठच्या माणसाला मात्र उत्तर आधीच ठाऊक असेल.

पुस्तकी उदाहरणातही हेच घडते. १०० सेंटिमीटर लांबीच्या तारेचे दोन तुकडे करून एकाचा चौरस आणि दुसऱ्याचे वर्तुळ करायचे, आणि दोन्ही क्षेत्रफळांची बेरीज कमीत कमी केव्हा होईल ते काढायचे, हा प्रश्न सर्वांच्या परिचयाचा आहे. डेरिव्हेटिव्ह शून्य केल्यावर चौरसाला सुमारे ५६ सेंटिमीटर तार द्यावी असे उत्तर येते आणि एकूण क्षेत्रफळ सुमारे ३५० चौरस सेंटिमीटर भरते. आता प्रश्नातला ‘कमीत कमी’ हा शब्द काढून ‘जास्तीत जास्त’ घालून पाहा. कृती पाठ असलेली बरीच मुले तेच गणित करतात, तेच ५६ काढतात आणि तेच उत्तर अधोरेखित करतात. वास्तविक सगळ्या तारेचा चौरस केला तर क्षेत्रफळ ६२५ होते आणि सगळ्या तारेचे वर्तुळ केले तर सुमारे ७९६. महत्तम किंमत टोकाला बसलेली असते, आणि टोकाकडे पाहायला मुलांना कुणी शिकवलेले नसते.

याच्याही मुळाशी एक प्रश्न आहे, आणि माझ्या मते तो वर्गात सर्वांत आधी विचारला पाहिजे: महत्तम किंमत अस्तित्वात आहे याची खात्री कशावरून? वरच्या उदाहरणात ‘तार कापलीच पाहिजे, दोन्ही तुकडे शून्यापेक्षा मोठे हवेत’ अशी अट घातली, तर महत्तम किंमत उरतच नाही. चौरसाचा तुकडा जितका लहान कराल तितके एकूण क्षेत्रफळ ७९६ च्या जवळ जाईल, परंतु तिथे पोहोचणार कधीच नाही. खात्री मिळते ती एका प्रमेयाने: दोन्ही टोकांसह घेतलेल्या मर्यादित अंतरालावर (चल राशीच्या दोन किमतींमधल्या सलग पट्ट्यावर) फलन संतत असेल, म्हणजे त्याचा आलेख कुठेही तुटत नसेल, तर ते आपली महत्तम आणि लघुत्तम किंमत त्या अंतरालात कुठे ना कुठे घेतेच. टोके वगळली किंवा आलेखात एक जरी उडी आली, तरी ही हमी जाते. गणितज्ञ बोल्झानो यांनी या प्रमेयाची सिद्धता एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लिहून ठेवली होती, पण ते लेखन १९३० पर्यंत अप्रकाशित राहिले. तोवर जर्मन गणितज्ञ वायरश्ट्रास यांच्या बर्लिनमधील व्याख्यानांतून हे प्रमेय सर्वमान्य झाले होते. फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी सतराव्या शतकात महत्तम-लघुत्तम शोधण्याची रीत दिली, आणि अशी किंमत असतेच याची काटेकोर सिद्धता त्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी आली. सिद्धतेला वास्तव संख्यारेषेत कुठेही फट नाही हा गुणधर्म लागतो. त्यामुळे बारावीत ती देता येणार नाही हे मान्य, परंतु विधान आणि त्यातल्या अटी समजावून देण्यात कसलीच अडचण नाही. महत्तम-लघुत्तमाच्याच पाठात रोलचे प्रमेय (दोन्ही टोकांना समान किंमत असेल, तर मध्ये कुठेतरी डेरिव्हेटिव्ह शून्य होते) शिकवले जाते आणि त्याच्या अटी मुले पाठ करतात. त्या प्रमेयाची सिद्धताच मुळी या हमीवर उभी आहे, हे एका वाक्यात सांगितले तर त्या अटी रुक्ष वाटणार नाहीत.

हमी एकदा मिळाली की पुढचे काम सोपे आहे. दोन टोके, डेरिव्हेटिव्ह शून्य होणारे आतले बिंदू आणि डेरिव्हेटिव्ह अस्तित्वातच नसणारे आतले बिंदू, एवढ्याच ठिकाणी शोध घ्यायचा. हा तिसरा प्रकार हमखास विसरला जातो. राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडतो त्या क्षणापर्यंत जलाशयाची पातळी चढत असेल आणि त्यानंतर उतरू लागली, तर आलेखावर शिखर येते ते टोकदार कोपऱ्यासारखे. तिथे वेग चढाचा एकदम उताराचा होतो, मध्ये शून्य लागतच नाही. उलट क्ष च्या घनाचे डेरिव्हेटिव्ह शून्यापाशी शून्य होते, तरी तिथे ना महत्तम किंमत असते ना लघुत्तम. हे सगळे बिंदू एका तक्त्यात मांडून प्रत्येक ठिकाणची फलनाची किंमत काढावी. सर्वांत मोठी ती महत्तम, सर्वांत लहान ती लघुत्तम. अशा वेळी दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची गरजही पडत नाही.

शहरातील कनिष्ठ महाविद्यालयांच्या आणि खासगी वर्गांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, या प्रकारचे प्रत्येक उदाहरण सोडवताना चल राशी कुठून कुठपर्यंत जाऊ शकते ही ओळ फळ्यावर आधी लिहावी. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी अंतराल प्रश्नातच द्यावा, टोकांची तपासणी दाखवण्यासाठी एक गुण राखून ठेवावा, आणि ज्याचे उत्तर ‘महत्तम किंमत अस्तित्वात नाही’ असे आहे, असा एखादा प्रश्न सराव परीक्षेत तरी अवश्य घालावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित अध्यापिका
राजारामपुरी, कोल्हापूर