नवी पेठेतल्या काकांना, कंडेन्सरच्या मीटरबद्दल

आदरणीय काका,
सा. न.

पत्र उघडं लिहितोय, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चहा सांग" म्हणून विषय बदलता. शिवाय बिघडलेला कंडेन्सर ओळखणारा मीटर स्वतः जोडायला तुम्ही मला जे सांगितलंत ते आपल्या बोर्ड दुरुस्तीच्या धंद्यातल्या आणखी चार जणांच्या कामी यावं असं वाटतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलच्या मागांवरच्या इलेक्ट्रॉनिक जकार्डचे (नक्षी विणणाऱ्या यंत्राचे) पॉवर सप्लाय माझ्याकडे येतात. थंडीतली तक्रार ठरलेली: सकाळी माग उठत नाही, सप्लाय टकटक करत राहतो, आणि ऊन वर आलं की आपोआप सुरळीत. मालक म्हणतो भूत आहे. माझं मल्टीमीटर १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर (वीज साठवणारा भाग) ९५० दाखवायचं, म्हणजे ठणठणीत. मग आयसी बदल, ऑप्टोकपलर बदल, असं चालायचं. तुमच्या टेबलाशी बोर्ड घेऊन बसलो तेव्हा तुम्ही वर न बघताच म्हणालात, "काय करालास बे? पोतं ज्वारीनं भरलेलंच हाय, पण तोंड शिवलंय. आत किती हाय ते मोजून काय उपयोग?"

ईएसआर म्हणजे काय, हे मला त्या पोत्यामुळे कळलं. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरमधलं द्रव वाळत जातं, साठवण थोडीच कमी होते, पण आतला अंगचा रोध, म्हणजेच ईएसआर, वाढत जातो. चांगल्या कंडेन्सरचा हा रोध ओहमच्या काही शतांशांइतका असतो, म्हातारा झाला की तो काही ओहमवर जातो. गार असताना आणखी वाढतो, गरम झाल्यावर उतरतो, म्हणून ऊन वर आलं की भूत पळतं. १० अंश तापमान वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा जुना ठोकताळा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर, वर शेडचे पत्रे, वर बंद डबा. सोलापुरात कंडेन्सर लवकर जातात यात नवल काय?

तयार मीटर बाजारात मिळतात. ते स्वस्तातले आयसीवाले टेस्टर चांगलेच आहेत, पण त्यांना कंडेन्सर बोर्डावरून काढून द्यावा लागतो, आणि एका बोर्डावर वीस-वीस असले की सोल्डरचे डाग काढण्यातच दिवस जातो. तुम्ही मला तयार सर्किट दिलं असतं तर मी ते डोळे झाकून जोडलं असतं. तुम्ही दिलं नाहीत, उलट विचारलंत, "बोर्डावरचे डायोड-ट्रान्झिस्टर जागे होऊ नयेत असं किती व्होल्ट?" सिलिकॉनचा जोड ०.६ व्होल्टच्या आसपास वाहू लागतो. त्याच्या बऱ्याच खाली राहिलं तर मीटरला फक्त कंडेन्सर दिसतो. पुढचं सगळं या एका प्रश्नातून निघालं.

सुचेल तसं सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला जोडायचं असेल तर सोपं जाईल. ७४एचसी१४ या सहा गेटांच्या आयसीच्या एका गेटवर १०० किलोहर्ट्झची चौकोनी लहर तयार केली आणि उरलेली पाच गेट समांतर जोडून तिला जोर दिला. ५ व्होल्टची लहर ४७० ओहममधून १० ओहमच्या रेझिस्टरवर आणली की तिथे १०० मिलिव्होल्टच्या आसपास उरतात. तपासायचा कंडेन्सर त्या १० ओहमला समांतर. मग टीएल०७२ या अॅम्प्लिफायर आयसीने वाढवून, ओए७९ या तुमच्या जर्मेनियम डायोडने सरळ करून काट्याच्या मीटरला. १०० किलोहर्ट्झच का? १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ५० हर्ट्झला स्वतःच ३२ ओहमसारखा वागतो, पण १०० किलोहर्ट्झला ०.०१६ ओहमच. म्हणजे जे काही मोजलं जातं ते त्याचं दुखणं. अट एवढीच की १ मायक्रोफॅरडसारखे लहान कंडेन्सर १.६ ओहम दाखवतात. तो दोष नव्हे, आणि हे डायलवर लिहून ठेवायला तुम्हीच सांगितलंत.

डायलबद्दल तर वेगळे आभार. बंद पडलेल्या टेपडेकचा व्हीयू मीटर (आवाजाची पातळी दाखवणारा काटा) तुम्ही कपाटातून काढून दिलात, जुनी पट्टी सोलायला लावलीत आणि एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर हातात ठेवलेत. तारेचे वेटोळे असलेले का नकोत, तर या फ्रीक्वेन्सीला वेटोळ्याचा इंडक्टन्स मधे येतो. १ ओहमचे दहा समांतर जोडले की ०.१, दोन जोडले की ०.५. प्रत्येक रेझिस्टर लावायचा आणि काटा थांबेल तिथे पेन्सिलीची खूण. आता काटा कुठे थांबला यावर मी मालकाशी छातीठोकपणे बोलतो, कारण ती खूण मी स्वतः केलेली आहे. डिजिटल मीटरपेक्षा मला हा काटा आवडतो. बोर्डावर प्रोब फिरवताना आकडे वाचत बसावं लागत नाही, काटा वर गेला की तो कंडेन्सर संशयित.

हा मीटर कुठे फसवतो ते मात्र लोकांनी आधी ऐकावं. शॉर्ट झालेला कंडेन्सर यावर सगळ्यात चांगला दिसतो. लीकेज, म्हणजे कंडेन्सरमधून झिरपणारा करंट, यावर कळत नाही. दोन-तीन कंडेन्सर समांतर असले तर चांगल्याच्या आडोशाला वाईट लपतो. आणि २३० व्होल्टच्या सप्लायमधल्या मोठ्या फिल्टर कंडेन्सरवर प्लग काढल्यावरही ३२५ व्होल्ट डीसी असू शकतात. आधी ६० वॅटच्या बल्बने तो रिकामा करायचा, मल्टीमीटर लावून खात्री करायची, मगच प्रोब. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणाऱ्यांवर तुम्ही किती चिडता ते मी पाहिलंय. मीटरच्या तोंडाशी उलटसुलट जोडलेले दोन डायोड हा शेवटचा बचाव झाला, त्यांच्या भरवशावर राहू नये.

अगदी कमी ओहम मोजणारा दुसरा डबाही झाला. एलएम३१७ या रेग्युलेटर आयसीला १२ ओहम आणि त्याच्या मागे १ ओहमचे दोन समांतर, म्हणजे १२.५, १.२५ व्होल्ट भागिले १२.५, बरोबर १०० मिलिअँप. मल्टीमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवलं की १ मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिओहम. करंट देणाऱ्या दोन तारा वेगळ्या आणि व्होल्टेज वाचणाऱ्या दोन वेगळ्या, म्हणजे तारांचा रोध हिशोबात येत नाही. नुसत्या प्रोबच्या तारांतच पाव-अर्धा ओहम जातो, मग रिलेचा कॉन्टॅक्ट काय मोजणार? क्लिपा मोकळ्या राहिल्या तर बोर्डावर सगळं व्होल्टेज जाऊ नये म्हणून आडवा १एन४००७ डायोड टाकलाय. ही पण तुमचीच सूचना. याने बोर्डावरचा शॉर्ट शोधणं मजेचं आहे: बोर्डाच्या तांब्याच्या पट्टीवर प्रोब सरकवत जायचं, मिलिव्होल्ट जिथे सगळ्यात खाली तिथेच बसलेला असतो शॉर्ट कंडेन्सर किंवा आयसी.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) दिवसांत तुम्ही दुकान लवकर बंद करता, म्हणून त्याआधीच येतो. येताना ४५० व्होल्टचे काही संशयित कंडेन्सर आणि दोन्ही डबे आणतो. लीकेज कसं तपासायचं ते सांगायचं तुम्ही बाकी ठेवलंय, आणि चार तारांच्या क्लिपांचे जबडे एकमेकांपासून वेगळे ठेवायला मी जे प्लास्टिक लावलंय ते तुम्हाला बघायचं होतं. चहा मी सांगतो.

आपला,
अक्कलकोट रोडचा बोर्डवाला