मौदूदी आपल्या गावचे

लंडन, रविवार

ती. आप्पांना शि. सा. नमस्कार.

परवा तुम्ही विचारलंत, "तिकडे कट्टरपंथी फार माजलेत म्हणे?" तेवढ्यात आईने फोन ओढला आणि उत्तर राहिलंच.

स्टेशनवरून घरी येताना मला फिन्सबरी पार्कची मशीद लागते. आर्सेनलची मॅच असली की रस्त्यावर लाल मफलरांची झुंबड, आणि तिच्यातून वाट काढत टोपीवाले आजोबा नमाजाला निघालेले. याच मशिदीत 1997 पासून अबू हमजा जिहादची भाषणं ठोकायचा. जानेवारी 2003 मध्ये पोलिसांनी मध्यरात्रीनंतर छापा घातला, मशिदीला टाळं लागलं, तर हा बाहेर रस्त्यावरच शुक्रवारची नमाज घेऊ लागला! आता अमेरिकेत जन्मठेप भोगतोय. 2005 मध्ये नवे विश्वस्त आले, ते मुस्लिम ब्रदरहूड या इजिप्तमधल्या इस्लामी राजकीय संघटनेच्या विचारांना जवळचे, आणि पाठिंबा चक्क पोलिसांचा. जिहादींना हुसकावलं ते इस्लामी राजकारणवाल्यांनीच. हे बरं झालं की आगीतून फुफाट्यात, यावर इथे अजून भांडतात. मला विचाराल तर बरंच झालं. त्यांचं राजकारण मला पटत नाही, ती गोष्ट वेगळी.

हिज्ब उत-तहरीरवाले आणखी निराळे. त्यांना खिलाफत, म्हणजे खलिफाचं राज्य हवं, निवडणुकीत मत देणं हराम. जर्मनीने त्यांच्यावर 2003 मध्येच बंदी घातली. इथे मात्र जानेवारी 2024 उजाडला, तोही त्यांनी हमासच्या इस्रायलवरच्या हल्ल्याचं कौतुक केल्यावर. तबलिगींना तर मी यांच्यात धरतच नाही. ते दारोदार जाऊन नमाजाला बोलावतात, राजकारणाचं नाव काढत नाहीत. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र सगळे एकाच पोत्यात!

आणि ब्रिटनमधल्या इस्लामी राजकारणाच्या एका मोठ्या प्रवाहाचं मूळ कुठे, ठाऊक आहे? आपल्याकडे. त्या प्रवाहाचे विचारवंत मौलाना मौदूदी 1903 साली औरंगाबादेत जन्मले. (नाव बदललं तरी तुमच्या तोंडी औरंगाबादच, म्हणून तसंच लिहितो.) 1941 मध्ये त्यांनी लाहोरला जमाते इस्लामी ही संघटना काढली, आणि 1973 मध्ये त्यांच्या विचारांच्या मंडळींनी लेस्टरला इस्लामिक फाउंडेशन. तिथून त्यांची पुस्तकं इंग्रजीत निघाली आणि इथल्या पोरांच्या हाती गेली.

तुमचे ते निवृत्त उर्दू मास्तर अजून सकाळी फिरायला येतात ना? मौदूदींचं घर कुठल्या मोहल्ल्यात होतं, त्यांना विचारून कळवा.

आईला नमस्कार. मेतकूट पोचलं.

तुमचा,
धाकटा