सॅलफर्डहून आई-बाबांना

सॅलफर्ड, इंग्लंड, रविवार

ती. बाबा आणि ती. आईस शि. सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. फोनवर आवाज बसलेला वाटला तो नुसत्या सर्दीने. आणि रात्रपाळीहून मी एकटी येत नाही, आम्ही तिघी असतो. हे मागेही सांगितलं होतं.

इथली एक गोष्ट मात्र अजून अंगवळणी पडत नाही. शेजारच्या आजी ‘टीला ये’ म्हणाल्या, म्हणून मी घरी जेवून गेले. तर पुढ्यात उकडलेले बटाटे, वाटाणे, ग्रेव्ही! इकडे ‘टी’ म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचचं जेवण. दुपारचं जेवण ते ‘डिनर’. आणि चहा हवा असेल तर ‘ब्रू’ म्हणायचं. आपल्या गल्लीतले जैन सूर्यास्ताआधी जेवतात ना, तसंच, पण हे व्रत नाही. गिरणीतून सुटलेला माणूस भुकेला यायचा, म्हणून पानं लवकर वाढायची.

त्यांच्या भिंतीवर धुराड्यांचं, काडीसारख्या माणसांचं एक चित्र आहे. लाउरी या इथल्याच चित्रकाराचं. बाबा, बंटीच्या चित्रकलेच्या ॲडमिशनवरून तुम्ही रागावलात, म्हणून मुद्दाम लिहिते. या माणसाने १९५२ मध्ये निवृत्त होईपर्यंत घरभाडी वसूल करायची नोकरी केली. चित्रकला संध्याकाळच्या वर्गांत शिकला. रंग पाचच: पांढरा, काळा, हिंगुळी, प्रशियन निळा, पिवळा ओकर. (बंटीला हे नक्की सांगा.) नाव झाल्यावर नव्या मुलांची चित्रं स्वतः विकत घ्यायचा. शीला फेल म्हणून खाणकामगाराची मुलगी होती. १९५५ मध्ये तिचं पहिलं प्रदर्शन पाहून त्याने तिची चित्रं घेतली, पुढे कितीतरी वर्षं मदत केली, तिच्या गावाकडे जाऊन तिच्याबरोबर चित्रं काढली. १९६८ मध्ये सरकारने त्याला ‘सर’ ही पदवी देऊ केली, ती त्याने नाकारली. मला त्या पदवीपेक्षा शीलाची गोष्ट मोठी वाटते.

त्याच्या नावाच्या गॅलरीत जाऊन आले, तिकीट नसतं. १९३२ मध्ये त्याचे वडील गेले, आईने अंथरूण धरलं. दिवसा नोकरी, मग आईचं सगळं करायचं आणि ती झोपली की रात्री रंग काढायचे. १९३९ मध्ये लंडनला त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं आणि त्याच वर्षी ती गेली. हे समजल्यावर मला तिथे उभं राहवेना. बाहेर कालव्याकाठी बसून राहिले. आई, तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी नव्हते. तू ‘काही नाही गं’ म्हणालीस, मीही ‘बरं’ म्हणाले.

असो. बंटीची फी आणि होस्टेलचे पैसे मंगळवारपर्यंत जमा होतील, आत्याचे चाळीस हजारही त्यातच आहेत. आधी तिचे द्या. बाबा, माझ्यासाठी म्हणून काही बाजूला ठेवू नका. सातारच्या स्थळाला नाही म्हणत नाही, पण गणपतीत यायला रजा नाही. मार्चमध्ये नक्की येते, तोवर थांबतील तर थांबू द्या.

आईला जिना चढू देऊ नका. पाण्याची कळशी बंटी आणेल.

तुमची,
बेबी