रक्त घेता घेता “काम काय करता?” विचारणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका, असं तुम्ही बजावलं होतं. म्हणून तुमचं नाव नाही, लॅबचं नाही, गावाचंही नाही. पत्र मात्र कुणालाही वाचता येईल असं उघडं लिहितोय. जुनी दारं, खिडक्या, कठडे खरवडून त्यांचं मूळ लाकूड वर आणणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत, आणि जुन्या रंगातल्या शिशाबद्दल सावध करणारी तुमच्यासारखी कुणी त्यांतल्या बहुतेकांना भेटलेली नाही.

मी तुमच्याकडे आलो होतो हिमोग्लोबिन पुन्हा मोजून घ्यायला. पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, सांधे धरलेले, आणि संध्याकाळी घरात कुणी दोन शब्द जास्त बोललं तरी डोक्यात तिडीक. आधी पित्ताच्या गोळ्या झाल्या, मग ‘ताण कमी करा’ झालं. हिमोग्लोबिन कमी निघालं तेव्हा लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्याही संपत आल्या, पण आकडा जागचा हलेना. यात कुणाला दोष द्यावा असं फारसं नाही, ही लक्षणं दहा आजारांत दिसतात. फक्त मी दिवसभर करतो काय, हे कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही दंडाला पट्टा बांधता बांधता माझ्या नखांकडे पाहिलंत आणि विचारलंत, “काम काय करता?”

मग प्रश्नामागून प्रश्न. रंग किती जुना? ओला करून काढता की कोरडाच घासता? मशीन लावता का? रंग तापवून सोडवायला हीट गन? मागे रांग चुळबुळत होती, आणि मी आपला सांगत होतो की दरवाजे दोन-तीन पिढ्यांपूर्वीचे असतात, रंगावर रंग चढलेला असतो, वरचे थर पोपडे होऊन सुटतात, पण तळाचा पांढरा थर हट्टी, आणि लोखंडी गजांवर तर शेंदरी अस्तर. ‘शेंदरी’ म्हटल्यावर तुम्ही सुई हातात घेऊन क्षणभर थांबलात. त्या अस्तरात शिशाचं संयुग असतं, आणि तळाचा तो पांढरा थरही बहुधा सफेद्याचा, म्हणजे शिशाचाच, हे मला नंतर कळलं. पूर्वी रंगात शिसं मुद्दाम घालत. रंग लवकर वाळायचा, ऊन-पाऊस सोसायचा, चकाकी टिकायची. कारागीर म्हणून सांगतो, रंग खरोखरच चांगला होता. चांगला होता म्हणूनच अजून निघत नाही.

रिपोर्ट घ्यायला आलो तेव्हा तुम्ही मला बाजूला बोलावलंत. काचपट्टीवर तांबड्या पेशींत निळसर ठिपके दिसलेत, म्हणालात. लगेच हेही सांगितलंत की असे ठिपके इतर रक्तविकारांतही दिसतात, आणि अंगात शिसं असूनही कित्येकदा दिसत नाहीत, त्यामुळे त्यांवरून काही ठरवायचं नाही. “मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांना एवढं विचारा, रक्तातलं शिसं बघायचं का?” हे एक वाक्य तुम्ही पावतीच्या मागे लिहून दिलंत, म्हणजे मी ते वाटेत विसरणार नाही. हे पत्र त्या वाक्यासाठी आहे.

डॉक्टरांनी ते वाचलं आणि खुर्ची पुढे ओढून पहिल्यांदाच माझ्या धंद्याची नीट चौकशी केली. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या विकरांनाच, म्हणजे एन्झाइम्सनाच, शिसं अडवतं, त्यामुळे लोह पोटात जाऊनही कामी लागत नव्हतं, असं त्यांनी समजावलं. गोळ्या मात्र बंद करू नका म्हणाले, कारण अंगात लोह कमी असलं की आतडी शिसं जास्त ओढून घेतात.

नमुना द्यायला आलो त्या दिवशीचं तुमचं वागणं मी आता कामावरच्या पोरांना सांगतो. आधी बेसिनवर पाठवलंत. साबण लावून, नखं ब्रशने घासून हात धुऊन आलो. तुम्ही बोटं उलटसुलट करून पाहिलीत आणि पुन्हा पाठवलंत. मी म्हटलं, सॅनिटायझर आहे की खिशात. त्याने जंतू मरतात, शिसं असतं तिथेच राहतं, हे तुमचं उत्तर. बोटाला टोचून थेंबभर रक्त घेणं सोपं होतं, पण माझ्यासारख्याच्या कातडीवरची धूळ त्या थेंबात मिसळली तर आकडा उगाच फुगतो. म्हणून तुम्ही शिरेतलं रक्त घेतलंत, तेही शिशासारख्या धातूंच्या चाचणीसाठी चालणाऱ्या वेगळ्या नळीत. मोजायचं असतं ते 100 मिलिलिटर रक्तात किती मायक्रोग्रॅम शिसं आहे ते, आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्या बारीक हिशेबात नखाखालचा एक कणही गोंधळ घालू शकतो, हे मला तेव्हा पटलं.

त्याच दिवशी मी तुम्हाला केसांच्या तपासणीची एक जाहिरात दाखवली होती, ‘शरीरातली सगळी विषं एका बटेत’ अशी. तुम्ही हसलात. माझ्या केसांवर बाहेरून बसलेली धूळ कुठली आणि आतून आलेलं शिसं कुठलं, हे त्यात वेगळं कसं करणार, असं विचारलंत. दुसरा एक प्रकारही टाळायला सांगितलात. आधी शिसं ओढून काढणारं औषध द्यायचं, मग लघवी तपासायची आणि वाढलेला आकडा दाखवून घाबरवायचं. ते औषध घेतल्यावर धडधाकट माणसाच्या लघवीतही धातू जास्तच दिसतात. विषबाधेचे तज्ज्ञ या चाचणीच्या विरोधात आहेत, तरी ती विकणारे आहेतच. अंग दुखून दुखून वैतागलेला माणूस काहीही विकत घेतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

माझा आकडा 52 आला. जागतिक आरोग्य संघटना 5 किंवा त्याहून जास्त असलं की शिसं येतं कुठून ते शोधून थांबवा म्हणते, तिथे हे 52. मी हादरलो. डॉक्टरांनी लगेच शिसं उतरवणारं औषध दिलं नाही. आधी धुळीपासून पूर्ण लांब राहायचं आणि महिन्याने पुन्हा रक्त, असं ठरलं. महिन्याने आकडा चांगलाच खाली आला, तेव्हा मी तुमच्या काउंटरवर पेढे वाटल्यासारखा आनंद केला होता. तुम्ही तो मोडला नाहीत, पण एवढं विचारलंत, “हाडांचं काही बोलले का डॉक्टर?”

म्हणून मी त्यांना विचारलं. रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्म्यावर येतं. पण शिसं कॅल्शियमसारखं वागतं, त्यामुळे ते हाडांत जाऊन बसतं आणि तिथे दशकानुदशकं राहतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत आणि दातांत असतं. डॉक्टर म्हणाले, रक्त हे चालू खातं आणि हाडं म्हणजे मुदत ठेव, आणि तुमच्या तपासणीत आपण फक्त चालू खातं बघतोय. हाडांतलं शिसं क्ष-किरणांनी मोजता येतं, पण ती यंत्रं संशोधनासाठी वापरतात, नेहमीच्या तपासणीसाठी नाही. त्यामुळे इतकी वर्षं श्वासातून किती गेलं, ते मला नेमकं कधीच कळणार नाही. रक्तदाब आणि मूत्रपिंडं यांवर मात्र नजर ठेवायला सांगितलीय. दुसऱ्या महिन्यापासून आकडा रेंगाळू लागला तेव्हा मी घाबरलो नाही. साठवणीतलं शिसं थोडं थोडं रक्तात उतरत राहणार, हे मला आधीच माहीत होतं. ही माहिती वेळेवर मिळाली नसती, तर मी आकडा अडकल्याबरोबर त्या केसांवाल्यांकडे गेलो असतो याची मला खात्री आहे.

आता मुलीचं.

ती तीन वर्षांची. कामाच्या कपड्यांवर धूळ घरी येते आणि या वयाची मुलं जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात, हे तुम्ही मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. शिवाय मोठ्यांपेक्षा लहानांची आतडी शिसं कितीतरी जास्त शोषतात, आणि मेंदू तर घडतच असतो. तिच्या बोटातून घेतलेल्या थेंबाचा आकडा 6 च्या वर गेला, तेव्हा तुम्ही तिची आई रडायला लागायच्या आत सांगितलंत की शिरेतलं रक्त घेतल्याशिवाय हा आकडा धरायचा नाही. शिरेतून आला 4.2.

आणि रिपोर्टवर? साध्या अक्षरांत 4.2 आणि शेजारी ‘10 पर्यंत सामान्य’. ठळक नाही, बाण नाही, तारा नाही. दुसऱ्या कुणी तो कागद आमच्या हातात दिला असता तर आम्ही देवाचे आभार मानून घरी गेलो असतो. तुम्ही पेनाने त्या 10 भोवती गोल काढलात आणि म्हणालात, ही छापलेली मर्यादा जुनी आहे, डॉक्टरांना दाखवताना हे सांगा. स्वतःच्या लॅबच्या कागदावर असा गोल काढायला किती हिंमत लागते, ते नोकरी करणाऱ्यालाच कळेल.

पुढे मी थोडं वाचलं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने मुलांसाठीचा हा आकडा 1960 च्या दशकातल्या 60 वरून टप्प्याटप्प्याने खाली आणला. 1991 मध्ये 10, 2012 मध्ये 5, आणि 2021 पासून 3.5. म्हणजे आमच्या रिपोर्टवरची मर्यादा 1991 सालची. आणि 3.5 म्हणजे सुरक्षित असंही नाही, तिथल्या लहान मुलांतल्या सर्वांत वरच्या अडीच टक्क्यांना ओळखायची ती रेघ. खाली कितीही असलं तरी ते निर्धोक आहे, असं सिद्ध झालेलं नाही. माझी लेक 3.5 आणि 5 या दोन आकड्यांच्या मधोमध उभी होती. एका हिशेबाने वर, दुसऱ्या हिशेबाने खाली. डॉक्टरांनी तो वाद घातलाच नाही. या पातळीला औषध नसतं, घरातली धूळ बंद करा, लोह-कॅल्शियम नीट मिळू द्या आणि तीन महिन्यांच्या आत परत तपासा, म्हणाले.

वाचताना आणखी एक गोष्ट सापडली, ती तुम्हाला आवडेल. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जे. लॉकहार्ट गिब्सन नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांनी 1904 मध्ये लिहून ठेवलंय की तिथल्या मुलांना होणारी शिशाची बाधा घराच्या रंगवलेल्या कठड्यांतून आणि भिंतींतून येते. 1921 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरांच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरण्यावर बंधनं घालणारा करार केला. शंभर वर्षं उलटून गेली, आणि मी तेच कठडे पॉलिश पेपरने घासत होतो! डोळ्यांच्या डॉक्टरांनी कठड्याकडे पाहिलं, तुम्ही नखांकडे पाहिलंत. तुम्हा दोघांच्याही कामाच्या यादीत ते नसेल.

काम मी सोडलेलं नाही, पद्धत बदलली. आता हात लावायच्या आधी रंगाच्या तळच्या थरापर्यंतचा तुकडा तपासायला पाठवतो. शिसं निघालं तर पाणी फवारून ओलं खरवडायचं, खाली जाड प्लास्टिक, झाडूला बंदी, बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम आणि ओलं फडकं. कापडी मास्कऐवजी तोंडावर घट्ट बसणारा, पी100 फिल्टरचा रेस्पिरेटर. हीट गन जुन्या रंगावर नाहीच, फार तापली तर शिशाची वाफ होते. कपडे कामाच्या जागीच बदलतो आणि वेगळे धुतो. जेवायच्या आधी पोरांना बेसिनवर दोनदा पाठवतो तेव्हा ती कुरकुरतात. मी तुमचं नाव न घेता तुमची वाक्यं वापरतो. त्यांतल्या तिघांनी रक्त तपासून घेतलंय. एकाचा आकडा माझ्या पहिल्या आकड्याच्या आसपास आहे आणि त्याला अजून काहीच त्रास नाही. तो तुमच्याकडे येईल तेव्हा हात धुऊनच येईल.

माझ्या पोटातला मुरडा गेला. हिमोग्लोबिन चढतंय. चिडचिड कमी झाली असं घरचे म्हणतात, मी अजून वाद घालतो.

मुलीचा पुढचा नमुना याच महिन्यात द्यायचा आहे. तिची अट अशी की सुई ‘त्या पेनवाल्या मावशीनेच’ टोचायची, दुसऱ्या कुणी नाही. तुमची सकाळची पाळी कोणत्या वारी असते तेवढं कळवाल का? त्या दिवशी घेऊन येतो.

आपला,
एक सुतार